बॅश लायब्ररीत मॅप, फिल्टर आणि ईच: एका प्रकरणाची पूर्ण हकीकत

आमच्या टीमची एक शेअर्ड बॅश (लिनक्स-मॅकवरचा कमांड चालवणारा शेल) लायब्ररी आहे, म्हणजे एकच फाइल, जी बाकीच्या सगळ्या स्क्रिप्ट सुरुवातीलाच सोर्स करतात. लॉगिंग, लॉक फाइल, रिट्राय, कॉन्फिग वाचणं असली कामं तिच्यात. तिच्या जिवावर बॅकअप, डिप्लॉय, जुन्या फाइल साफ करणं, सर्व्हरच्या यादीवर एकेक कमांड चालवणं असं बरंच काही चालतं. मागणी अशी आली की प्रत्येक स्क्रिप्टमध्ये तोच फॉर लूप, वर तीच रिकामी ॲरे, आत तोच इफ आणि शेवटी तेच ॲपेंड, तर हे सगळं मॅप (प्रत्येक आयटम बदलून नवी यादी), फिल्टर (हवे तेच ठेवणं), रिजेक्ट (नको ते गाळणं), ईच (प्रत्येकावर काम करणं), रिड्यूस (सगळ्यांचं मिळून एक उत्तर), कम्पोझ (फंक्शन एकमेकांना जोडणं) अशा हेल्परमध्ये टाका म्हणजे स्क्रिप्ट वाचायला सोप्या होतील. मागणी करणारे सहकारी रोज जावास्क्रिप्ट आणि पायथॉन लिहिणारे, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांना हे लूप खुपणारच.

यावर पहिला आक्षेप ठरलेलाच होता, की शेलमध्ये हे सगळं आधीपासून आहेच की! युनिक्समध्ये पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला इनपुट म्हणून देणं) 1973 मध्ये आला आणि त्याच्या जोडीला ग्रेप म्हणजे फिल्टर, सेड म्हणजे मॅप, ऑक म्हणजे हवं ते. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पाइपमध्ये एक आयटम म्हणजे एक ओळ हे गृहीत असतं आणि फाइलच्या नावात तर न्यूलाइनसुद्धा चालते, फक्त स्लॅश आणि नल बाइट चालत नाही. दुसरं म्हणजे पाइपचा प्रत्येक तुकडा सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालतो, त्यामुळे लूपच्या आत मोजलेला काउंटर बाहेर आल्यावर शून्यच दिसतो. बॅश 4.2 पासून लास्टपाइप नावाचं ऑप्शन आहे, ज्याने शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालतो, पण जॉब कंट्रोल बंद असेल तरच. म्हणजे स्क्रिप्टमध्ये चालतं आणि तीच ओळ टर्मिनलवर टाकून बघितली की वेगळंच काही दिसतं. तेव्हा गरज नेमकी कुठे, तर आयटम ओळी नसून ॲरेतल्या व्हॅल्यू आहेत आणि कॉलबॅकने, म्हणजे हेल्परला दिलेल्या फंक्शनने, चालू शेलमधलं काहीतरी बदललेलं बाहेर टिकायला हवं, तिथे. बाकी सगळीकडे पाइपच बरा, हे आम्ही लायब्ररीच्या माहितीपत्रकात अगदी पहिल्या ओळीत टाकलं. बऱ्याच जणांना तेवढं वाचूनच परत जाता आलं.

पहिला ड्राफ्ट एकाने फटाफट लिहून टाकला आणि दिसायला तो छानच होता. मॅपला पहिला आर्ग्युमेंट निकालाच्या ॲरेचं नाव, मग फंक्शनचं नाव, मग आयटम. आत प्रत्येक आयटमसाठी $(...) मध्ये फंक्शन बोलावायचं आणि जे छापलं जाईल ते ॲरेत टाकायचं. फिल्टरमध्ये फंक्शन इफमध्ये बोलावायचं, एक्झिट कोड शून्य (शेलमध्ये शून्य म्हणजे यश) आला तर आयटम ठेवायचा. रिजेक्ट म्हणजे त्याच इफमध्ये एक उद्गारचिन्ह. वीस-पंचवीस ओळींत सगळं संपलं, आणि हेच शेलमध्ये फसवं असतं, कारण इतर भाषांमध्ये फंक्शन एक व्हॅल्यू परत देतं आणि विषय संपतो. शेलचं फंक्शन व्हॅल्यू परत देतच नाही. ते 0 ते 255 मधला एक एक्झिट कोड देतं, स्टँडर्ड आउटपुटवर काहीतरी छापतं आणि जाता जाता कॉलरची, म्हणजे बोलावणाऱ्याची, व्हेरिएबल बदलून जातं. यातलं नेमकं कशाला "उत्तर" म्हणायचं हे मॅप-फिल्टर लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, भाषा ते ठरवून देत नाही. म्हणजे पंचवीस ओळींचा कोड हा कामाचा छोटा भाग, उरलेलं सगळं काम हा करार पक्का करण्याचं.

उत्तर कुठून घ्यायचं

छापलेलं आउटपुट पकडायचं तर प्रत्येक आयटममागे एक सबशेल, म्हणजे एक फोर्क (नवी प्रोसेस). पन्नास आयटमला काही फरक पडत नाही, पन्नास हजारांना नक्कीच पडतो आणि साधा फॉर लूप मिलिसेकंदांत जे करतो त्याला चहाला जाऊन यावं असा वेळ लागायला लागतो. पण वेग हे दुय्यम कारण. मूळ अडचण अशी की सबशेलमध्ये कॉलबॅकने केलेले बदल बाहेर येत नाहीत आणि आपण तर हेल्पर त्याचसाठी लिहायला घेतले होते. शिवाय $(...) शेवटच्या सगळ्या न्यूलाइन कापून टाकतं आणि नल बाइट गाळतं (4.4 पासून निदान वॉर्निंग तरी देतं). आणि कॉलबॅकमध्ये कुणी डीबगसाठी एक इको टाकला की तो थेट डेटामध्ये!

म्हणून करार असा ठरला की कॉलबॅकने आपलं उत्तर रिप्लाय या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. हे नाव आम्ही शोधलेलं नाही, रीड कमांडला व्हेरिएबलचं नाव दिलं नाही तर ती ओळ तिथेच ठेवते आणि बॅश लिहिणाऱ्यांत ही पद्धत जुनी आहे. त्यातला काटा पण तोच, कॉलबॅकने उत्तर ठेवल्यावर नाव न देता रीड वापरलं तर आपलंच उत्तर पुसलं जाणार. म्हणून नियम, रिप्लायला व्हॅल्यू देणं ही कॉलबॅकची शेवटची ओळ. आणि मॅप प्रत्येक फेरीआधी रिप्लाय अनसेट करतो, फेरीनंतर तो सेट झालाच नसेल तर एरर देऊन थांबतो. नाहीतर विसरभोळ्या कॉलबॅकला आधीच्या आयटमचंच उत्तर पुन्हा पुन्हा मिळत राहील आणि दिसायला सगळं भरलेलं दिसेल. बाहेरच्या कमांडचं आउटपुटच हवं असेल त्यांच्यासाठी एक वेगळा छोटा रॅपर आहे, जो $(...) करून रिप्लाय भरतो. फोर्क तिथेही होतोच, पण वापरणाऱ्याने तो उघड्या डोळ्यांनी निवडलेला असतो.

नावांची भानगड

ॲरे नावाने पास करायची तर बॅश 4.3 (2014) मधला नेमरेफ लागतो, म्हणजे डिक्लेअर किंवा लोकलला मायनस एन. आतलं व्हेरिएबल बाहेरच्या व्हेरिएबलचं टोपणनाव होतं. वाचायला झकास. आता बॅशमध्ये स्कोप डायनॅमिक आहे, लोकल म्हटलेलं व्हेरिएबल त्या फंक्शनने बोलावलेल्या पुढच्या सगळ्या फंक्शनना दिसतं. समजा फिल्टरच्या आत लोकल नेमरेफचं नाव आउट आहे आणि कॉलरनेही आपल्या ॲरेचं नाव आउटच ठेवलंय. बॅश सर्क्युलर नेम रेफरन्सची वॉर्निंग देतो. हे नशीब म्हणायचं, कारण निदान काहीतरी दिसतं. कॉलरच्या ॲरेचं नाव आयटम असेल आणि फिल्टरच्या आत साधं लोकल आयटम असेल तर वॉर्निंगही नाही, निकाल आतल्या लोकलमध्ये लिहिला जातो, फंक्शन संपतं, लोकल मरतं आणि कॉलरची ॲरे होती तशीच.

उलट्या दिशेनेही तेच. प्रेडिकेटमध्ये, म्हणजे हो-नाही सांगणाऱ्या कॉलबॅकमध्ये, कुणी लोकल न लिहिता फाइल नावाच्या व्हेरिएबलमध्ये काही ठेवलं आणि फिल्टरचा लूपसुद्धा फाइल याच नावावर फिरतोय, तर प्रेडिकेट "हो" म्हणून परत येईपर्यंत फिल्टरच्या हातातला आयटम बदललेला असतो आणि ॲरेत भलतंच नाव जातं. लूप मात्र बिघडत नाही, फॉर-इन ची यादी सुरुवातीला एकदाच एक्सपांड होते त्यामुळे पुढचा आयटम बरोबरच येतो. म्हणजे आयटमची संख्या बरोबर, क्रम बरोबर, मजकूर चुकीचा. असला बग शोधायला दिवस जातो.

यावर सुंदर उपाय नाही, कुरूप आहे. हेल्परच्या आतल्या प्रत्येक नावाला दोन अंडरस्कोर, लायब्ररीचं नाव, मग हेल्परचं नाव. डोळ्यांना त्रास होतो, पण काम होतं. शिवाय कॉलरने दिलेलं ॲरेचं नाव आधी रेगेक्सने तपासायचं, अक्षर किंवा अंडरस्कोरने सुरुवात आणि पुढे फक्त अक्षरं, आकडे, अंडरस्कोर. कारण नावाच्या जागी कंसातल्या इंडेक्ससकट काहीतरी आलं आणि त्या इंडेक्समध्ये $(...) असेल तर बॅश ते चालवू शकतो. स्ट्रिंग कोड म्हणून चालवणाऱ्या ईव्हॅलला सगळे घाबरतात, नेमरेफला कुणी घाबरत नाही, पण दोघांना येणारं इनपुट तितक्याच संशयाने बघायला हवं.

आणखी एक बारीक गोष्ट रिव्ह्यूमध्ये निघाली. इनपुट आणि आउटपुट एकच ॲरे असेल तर? "फाइल गाळून परत फाइलमध्येच ठेव" हे कुणालाही सुचणारच. ड्राफ्टमध्ये आउटपुट आधी रिकामं केलं जायचं, आणि इनपुट ॲरेही नावाने घ्यायची ठरल्यावर (त्याबद्दल पुढे) इनपुटच गायब झालं असतं. आता निकाल आधी आतल्या तात्पुरत्या ॲरेत जमतो आणि सगळं नीट संपल्यावर एकदाच बाहेर जातो. याचा फायदा म्हणजे मध्येच एरर आली तर कॉलरची ॲरे जशीच्या तशी राहते, अर्धवट गाळलेली यादी कुणाच्या हाती लागत नाही.

जुन्या फाइल साफ करणारी स्क्रिप्ट

इथपर्यंतचं सगळं शेलमध्ये मुरलेल्या माणसाला माहीत असतं. खरा पेच एका साध्या स्क्रिप्टवर हेल्पर लावून बघताना समोर आला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला कळीचा भाग हाच.

स्क्रिप्टचं काम एवढंच: एका फोल्डरमधल्या बॅकअप फाइल बघायच्या आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा जुन्या असतील त्या उडवायच्या. जुना कोड फॉर लूपमध्ये होता. वर सेट मायनस ई, म्हणजे कमांड पडली की स्क्रिप्ट तिथेच थांबवायची. लूपमध्ये पहिली ओळ स्टॅट कमांडने फाइलची बदललेली वेळ सेकंदांत घ्यायची, दुसरी ओळ आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची आणि मुदतीशी तुलना करायची, जास्त असेल तर यादीत टाकायची. नवीन कोडमध्ये ह्याच दोन ओळी उचलून "जुनी आहे का" नावाच्या फंक्शनमध्ये ठेवल्या आणि फिल्टरला दिल्या. एक अक्षर बदललं नाही. लिनक्सवर टेस्ट हिरव्या. मग एका सहकाऱ्याने तीच स्क्रिप्ट आपल्या मॅकवर ड्राय रन मोडमध्ये (काही न उडवता फक्त यादी दाखवायची) चालवली आणि उडवायच्या यादीत फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइल आल्या, त्याच दिवशी तयार झालेल्या सुद्धा.

झालं काय ते सावकाश बघू. लिनक्सवर स्टॅट जीएनयूची असते, तिला वेळ विचारायला मायनस सी ऑप्शन लागतं. मॅकवरची स्टॅट बीएसडीची, तिथे मायनस सी नाहीच, तिथे मायनस एफ. म्हणजे मॅकवर स्टॅट एरर देऊन बाहेर पडली आणि वेळेचं व्हेरिएबल रिकामं राहिलं. जुन्या लूपमध्ये याच क्षणी सेट मायनस ई ने स्क्रिप्ट मारली असती. पण आता ती ओळ अशा फंक्शनमध्ये आहे जे फिल्टरने इफच्या कंडिशनमध्ये बोलावलंय, आणि बॅशचा नियम असा की कंडिशनमध्ये चाललेल्या गोष्टींसाठी सेट मायनस ई बंद. नुसतं त्या फंक्शनपुरतं नाही, त्याने पुढे बोलावलेल्या सगळ्या फंक्शनसाठी, आणि आत पुन्हा सेट मायनस ई लिहिलं तरी उपयोग नाही. त्यामुळे स्टॅट पडूनही फंक्शन पुढच्या ओळीवर गेलं. पुढच्या ओळीत गणित आहे आणि बॅशच्या गणितात रिकामं व्हेरिएबल म्हणजे शून्य. सेट मायनस यू (सेट न केलेलं व्हेरिएबल वापरलं की थांबवणारं) सुद्धा गप्प, कारण व्हेरिएबल सेट आहे, फक्त रिकामं आहे. आत्ताची वेळ वजा शून्य, म्हणजे बॅशच्या हिशोबाने प्रत्येक फाइल 1 जानेवारी 1970 ची. मुदतीपेक्षा जुनी? अर्थातच! एक्झिट कोड शून्य, ठेवा यादीत.

एरर स्क्रीनवर छापली गेली होती बरं का, प्रत्येक फाइलमागे एक, पण ड्राय रनची यादीही तेवढीच लांब असल्यामुळे ती वाहून गेली.

इथे दोष स्टॅटचा आहे असं म्हणून पुढे जाता आलं असतं, पोर्टेबल रॅपर लिहा आणि सोडा. एकाचं म्हणणं तसंच होतं. पण तेच दोन ओळींचं काम लूपमध्ये असताना सुरक्षित होतं आणि फंक्शनमध्ये नेल्यावर धोकादायक झालं, कोड एका अक्षराने न बदलता. जावास्क्रिप्टमध्ये लूपचं पोट कापून फिल्टरच्या कॉलबॅकमध्ये चिकटवलं तरी आतली एक्सेप्शन बाहेर येतेच. बॅशमध्ये ती जागा बदलली की एररचे नियमच बदलतात. म्हणून "लूपऐवजी हेल्पर वापरा" हे वाक्य इथे बिनधास्त म्हणता येत नाही, आणि लायब्ररीनेच याची जबाबदारी घ्यायला हवी असं माझं मत होतं, आजही आहे.

पहिला प्रयत्न, फिल्टरमध्ये इफ न वापरता प्रेडिकेट साधं बोलावून मग $? (शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड) बघायचं. पण मग प्रेडिकेटने साधं "नाही" म्हणजे 1 दिलं की सेट मायनस ई अख्खी स्क्रिप्टच मारते. इफ काढा, && आणि || वापरा, तर त्यांनाही तीच सूट. थोडक्यात चालू शेलमध्ये, सेट मायनस ई चालू ठेवून, "नाही" हे उत्तर घ्यायचं आणि आतली एरर पण पकडायची, हे दोन्ही एकत्र जमत नाही. सबशेलमध्ये जमवता येतं पण मग पुन्हा फोर्क आणि हरवलेली व्हेरिएबल.

तेव्हा उरला करारच. एक्झिट कोड 0 म्हणजे ठेव, 1 म्हणजे टाक, आणि 1 च्या वरचं काहीही म्हणजे उत्तर मिळालेलंच नाही, तिथल्या तिथे थांब आणि तोच कोड कॉलरला दे. हा करार हवेतून आणलेला नाही, ग्रेप कित्येक वर्षं हेच करतं, सापडलं तर 0, नाही सापडलं तर 1, फाइलच उघडली नाही तर 2. चौकोनी कंसाची टेस्ट कमांड पण आकड्याच्या जागी भलतं काही मिळालं तर 2 देते. कमांडच सापडली नाही तर शेल 127 देतो. म्हणजे बरीचशी जुनी मंडळी आधीपासून या करारात बसतात. आणि प्रेडिकेट लिहिणाऱ्यासाठी नियम, आत जी ओळ पडू शकते तिच्यापुढे || लावून रिटर्न 2 लिहायचं, सेट मायनस ई वर विसंबायचं नाही.

रिजेक्टचं उद्गारचिन्ह मात्र आम्ही लगेच काढलं. कमांडपुढे उद्गारचिन्ह लावलं की 127 चाही 0 होतो, म्हणजे "कमांडच नाही" याचा अर्थ रिजेक्टच्या भाषेत "ठेवा" आणि त्यानंतर $? बघून काही उपयोग नाही कारण मूळ कोड गेलेला असतो. आता फिल्टर आणि रिजेक्ट दोघंही आतून एकाच फंक्शनला बोलावतात, ते कोड आधी एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतं आणि मग केस स्टेटमेंटमध्ये 0, 1 आणि बाकी असे तीन रस्ते आहेत. उलट करायचं ते 0 आणि 1 चंच, तिसरा रस्ता दोघांना सारखा.

एक भोक तसंच राहिलंय हे सांगायला हवं. दुहेरी कंसातल्या गणितात शून्याने भागाकार झाला तर बॅश एरर छापतो पण कोड 1 देतो, म्हणजे आपल्या कराराप्रमाणे सरळ "नाही". हे लायब्ररीतून पकडता येत नाही, माहितीपत्रकात लिहून ठेवलंय. अजून एक, प्रेडिकेटमध्ये लोकल आणि $(...) एकाच ओळीत लिहिलं तर लोकल कमांड स्वतःचा 0 पुढे करते आणि आतला कोड गिळते, मग || रिटर्न 2 लिहूनही काही होत नाही. शेलचेक (स्क्रिप्ट न चालवता तिच्यातल्या चुका दाखवणारं टूल, म्हणजे लिंटर) हे एससी 2155 म्हणून दाखवतो, डिक्लेअर एका ओळीत आणि व्हॅल्यू पुढच्या ओळीत करा म्हणून. आमच्या सीआयमध्ये (बदल केला की आपोआप तपासण्या चालवणारी यंत्रणा) ही वॉर्निंग आधी दुर्लक्षित यादीत होती, या प्रकरणानंतर तिथून काढली.

ईच आणि पहिल्याच सर्व्हरवर संपलेला लूप

ईच म्हणजे प्रत्येक आयटमवर कमांड चालवा, उत्तर काही नको. ड्राफ्टमधला ईच स्टँडर्ड इनपुटवरून एकेक ओळ रीडने वाचायचा आणि कॉलबॅकला द्यायचा. सर्व्हरच्या नावांची फाइल, कॉलबॅकमध्ये एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवणारी). पहिल्या सर्व्हरवर कमांड चालली, लूप संपला, एक्झिट कोड 0. कारण एसएसएचही तेच स्टँडर्ड इनपुट वाचतं, त्याने उरलेली सगळी नावं ओढून पलीकडच्या सर्व्हरला पाठवून दिली, रीडला पुढे काही मिळालंच नाही. हा बग शेलमध्ये इतका जुना आहे की शेलचेकमध्ये त्याची वेगळी वॉर्निंग आहे, एससी 2095, एसएसएचला मायनस एन द्या म्हणून.

पण गंमत बघा, ती वॉर्निंग उघड्या लूपमध्ये एसएसएच दिसलं तर येते. लूप लायब्ररीत आणि एसएसएच दुसऱ्या फाइलमधल्या कॉलबॅकमध्ये असं झालं की शेलचेकला दोघांचा संबंध दिसत नाही आणि तो गप्प. म्हणजे हेल्परने ओळी वाचवल्या आणि त्याबरोबर लिंटरचा डोळाही झाकला. हाच प्रकार सेट मायनस ई बाबतही थोडा आहे, शेलचेकमध्ये कंडिशनमधल्या फंक्शनसाठी ऑप्शनल चेक आहे, पण फंक्शनचं नाव आर्ग्युमेंट म्हणून गेलं की त्याच्या हाती काही लागत नाही. त्यामुळे माझं म्हणणं असं होतं, की लिंटर जे पकडायचा ते आता हेल्परने स्वतः पकडायचं किंवा अशक्य करून ठेवायचं. ईच आता यादी मॅपफाइलने आधी पूर्ण ॲरेत वाचून घेतो, मग फॉर लूप, आणि कॉलबॅकचं इनपुट डेव्ह-नलला (वाचायला कायम रिकामी फाइल) जोडलेलं. न संपणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे टेलने सतत येणाऱ्या लॉगवर, हा ईच चालणार नाही, पण त्यासाठी साधा व्हाइल लूप आहेच. कुणीतरी विचारलं की मग सुडोचा (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारी कमांड) पासवर्ड कसा विचारला जाईल, तर सुडो तो सहसा थेट टर्मिनलवरून घेतो, इनपुटवरून नाही, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

आर्ग्युमेंटचा क्रम आणि बॅशचं व्हर्जन

हे त्यामानाने पटकन उरकलं. आधी आयटम शेवटी आणि मध्ये दोन डॅशचा विभाजक अशी मांडणी होती. पण कॉलबॅक ग्रेप असेल तर त्याला स्वतःलाच दोन डॅश लागू शकतात, उदाहरणार्थ पॅटर्न डॅशने सुरू होत असेल तर. मग इनपुट ॲरेपण नावानेच घ्यायचं ठरलं: आधी इनपुटचं नाव, मग आउटपुटचं, आणि त्यानंतर जे काही उरेल ती सगळी कमांड, आयटम तिच्या शेपटीला. विभाजक लागतच नाही. आणि याचा एक आयता फायदा झाला, इतर भाषांत ज्याला पार्शल ॲप्लिकेशन म्हणतात ते इथे फुकट मिळालं, "जुनी आहे का" नंतर 30 लिहिलं की तीस दिवसांचं प्रेडिकेट तयार, वेगळं काही बनवावं लागत नाही. "$@" डबल कोट्समध्ये ठेवलं की झालं.

व्हर्जनचं म्हणाल तर नेमरेफसाठी 4.3 लागतं, पण 4.4 (2016) च्या आधी सेट मायनस यू चालू असताना रिकामी ॲरे एक्सपांड केली की "अनबाउंड व्हेरिएबल" म्हणून स्क्रिप्ट मरायची. फिल्टरचा निकाल रिकामा येणं ही तर रोजची गोष्ट, म्हणून किमान व्हर्जन 4.4. मॅकवर स्लॅश-बिनमधला बॅश अजून 3.2 च आहे, 4.0 पासून लायसन्स जीपीएल 3 झालं आणि ॲपल तिथेच थांबलं, पुढे 2019 मध्ये डिफॉल्ट शेलच झेड शेल केला. सेंटओएस 7 वर 4.2 असायचा. तेव्हा लायब्ररी लोड होतानाच व्हर्जन तपासते आणि जुनं असेल तर कुठला बॅश लागतो ते सांगून थांबते, आणि सगळ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत थेट पाथ न देता एन्व्हमार्फत बॅश शोधला जातो. यावर थोडी कुरकुर झाली, विशेषतः ज्यांना एका जुन्या सर्व्हरवर काहीतरी चालवायचं होतं त्यांच्याकडून. ईव्हॅल वापरून 3.2 वर चालणारं रूप लिहिता येतं, पण ते कोण सांभाळणार या प्रश्नावर हात वर झाले नाहीत.

काय वगळलं

रिड्यूस लिहिला होता, टेस्टसकट, आणि काढला. मॅप-फिल्टर वापरून बघताना सगळ्या स्क्रिप्ट चाळल्या तेव्हा रिड्यूसला मिळतील अशा जागा म्हणजे आकड्यांची बेरीज आणि सगळ्यात मोठी व्हॅल्यू, दोन्ही तीन ओळींच्या लूपमध्ये होतात आणि वाचताना थांबावं लागत नाही. रिड्यूसमध्ये मात्र पहिला आर्ग्युमेंट ॲक्युम्युलेटर की आयटम हे दर वेळी आठवावं लागतं, आणि बॅशमध्ये ॲक्युम्युलेटर शेवटी एक स्ट्रिंगच, ॲरे किंवा असोसिएटिव्ह ॲरे (नाव-व्हॅल्यू जोड्यांची) त्यात जात नाही. पायथॉननेसुद्धा 3.0 मध्ये (2008) रिड्यूस बिल्ट-इनमधून काढून फंकटूल्स मॉड्यूलमध्ये नेऊन ठेवला, मॅप आणि फिल्टर मात्र जागेवर राहिले. हे उदाहरण दिल्यावर पायथॉनवाले लगेच तयार झाले.

कम्पोझ आणि लॅम्डा तर मीच ठामपणे नको म्हटलं. बॅशमध्ये निनावी फंक्शन नाही, त्यामुळे लॅम्डा म्हणजे एक स्ट्रिंग आणि ती ईव्हॅलमध्ये. आयटम त्या स्ट्रिंगमध्ये मिसळला की फाइलच्या नावातला एक सेमिकोलन पुरेसा आहे. नाव असलेलं छोटं फंक्शन लिहायला दोन ओळी जास्त लागतात, त्या लागू देत. एनी (एक तरी बसतो का) आणि ऑल (सगळे बसतात का) मात्र घेतले, ते फिल्टरच्याच तीन रस्त्यांवर चालतात आणि उत्तर मिळालं की लगेच थांबतात.

शेवटी लायब्ररीत मॅप, फिल्टर, रिजेक्ट, ईच, एनी, ऑल आणि तो आउटपुट पकडणारा रॅपर एवढंच गेलं. टेस्ट बॅट्समध्ये (बॅशसाठीचं टेस्टचं टूल) आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त उत्तर बरोबर येतं का हे बघणाऱ्या नाहीत. नसलेली कमांड प्रेडिकेट म्हणून दिली तर, कॉलबॅकने इनपुट गिळायचा प्रयत्न केला तर, ॲरेचं नाव हेल्परच्या आतल्या नावासारखंच असेल तर, इनपुट-आउटपुट एकच असेल तर, नावात न्यूलाइन असेल तर, रिप्लाय भरायचाच राहिला तर, असल्या आहेत. जुन्या स्क्रिप्ट सरसकट बदलायच्या नाहीत असंही ठरलं. साफसफाईची स्क्रिप्ट बदलली, तिचं प्रेडिकेट आता स्टॅट पडली तर 2 देतं आणि उडवायच्या यादीत एकही नाव न जाता थांबतं. ज्या लूपमध्ये ब्रेक, कंटिन्यू आणि दोन-तीन याद्या एकदम भरणं असं मिश्रण आहे ते लूपच राहिले. ते मॅप-फिल्टरमध्ये बसवायला गेलं की तीन फंक्शनं आणि दोन तात्पुरत्या ॲरे लागतात आणि वाचणारा मूळ लूपच मनात परत जुळवत बसतो.

एक मुद्दा अजून लोंबकळतोय. बॅश 5.3 (2025) मध्ये कमांड सब्स्टिट्यूशनचं नवीन रूप आलं, ज्यात आतली कमांड फोर्क न करता चालू शेलमध्येच चालते, आणि त्याचाच एक प्रकार असा की उत्तर रिप्लायमधून उचललं जातं, म्हणजे आपण जो करार हाताने बांधला तो भाषेतच आला. रॅपरमधला फोर्क त्याने जाईल. एका गटाचं म्हणणं, लोड होताना व्हर्जन बघून दोन रूपं ठेवा. माझं म्हणणं, एकाच हेल्परची दोन रूपं म्हणजे प्रत्येक टेस्ट दोन बॅशवर चालवायची, आणि किमान व्हर्जन 5.3 करायचं तर निम्मे सर्व्हर बाहेर पडतील. तेव्हा तूर्तास रॅपर आहे तसाच, फोर्कसकट.